महेश्वरचा पल्ला: बॅटरीचा आणि आमचा

दत्तजयंतीच्या आगेमागे सायकलने महेश्वरास जावयाचे, रात्री नर्मदेच्या घाटावर बसावयाचे आणि दुसऱ्या दिवशी स्नान करून परतावयाचे, हा आम्हा चार मित्रांचा कॉलेजच्या दिवसांपासूनचा परिपाठ. चारांचे तीन झालो, तिघांचे दोन राहिलो. पुढे माझ्या उजव्या गुडघ्याने आणि मित्राच्या हृदयाने एकाच वर्षी तक्रार मांडली, तेव्हा परिपाठही खुंटला. डॉक्टरांनी मित्राला सपाटीवर सावकाश सायकल चालविण्याची मोकळीक दिली. चढावर जोर करणे मात्र साफ वर्ज्य म्हणून सांगितले. आता इंदूरकराला चढ वर्ज्य म्हणजे महेश्वरच वर्ज्य. माळव्याच्या पठारावरून विंध्याद्री उतरून निमाडात जावयाचे, ते परत वर यावेच लागणार.

अशा स्थितीत माझा पुण्याचा भाचा दिवाळीला आला, तो विजेच्या सायकलींचे वेड डोक्यात घेऊन. "मामा, पायडल तुम्ही मारायचं, चढ मोटर चढेल," असे त्याने सांगितले आणि आम्ही दोघांनी एकाच दिवशी दोन सायकली घेतल्या. मोटर २५० वॅटची, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. या मर्यादेच्या आतल्या वाहनाला आपल्याकडे नोंदणी लागत नाही की परवाना लागत नाही, हेही त्याने समजावून दिले. सोबत आलेल्या कागदावर एक आकडा ठळक छापलेला होता: पल्ला ७० किलोमीटर.

पल्ला हा शब्द मला आवडला. आमच्या आजोबांच्या तोंडी तो येई तोफेच्या संदर्भात. तोफेचा पल्ला म्हणजे गोळा जाऊन पडतो ते अंतर. तो एकदा ठरला की गोलंदाज त्यावर हिशेब बसवू शकतो. आम्ही बॅटरीचा पल्लाही तसलाच समजलो. इंदूर ते महेश्वर जामच्या वाटेने सुमारे ९० किलोमीटर. निम्मी वाट तर उताराची. तेव्हा ७० किलोमीटरची बॅटरी सहज पुरणार, असा आमचा दोघांचा, म्हणजे एका निवृत्त मास्तराचा आणि एका निवृत्त बँक खजिनदाराचा, हिशेब होता.

गेल्या वर्षी गेलो. जाताना हा हिशेब तंतोतंत बरोबर ठरला आणि त्यानेच आमचा घात केला. राऊ, महू (सरकारदरबारी २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर, पण आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी महूच बसलेले) मागे टाकून जामच्या दरवाजापाशी आलो, तेव्हा हँडलवरच्या पाच दिव्यांपैकी दोन शिल्लक होते. अहिल्याबाईंनी बांधविलेल्या त्या दरवाजातून खाली पाहिले की निमाडचा सगळा पसारा दिसतो. तिथून पुढे उतारच उतार. मोटरला काम असे नव्हतेच. मंडलेश्वरावरून महेश्वरला पोचलो, तेव्हाही दोन दिवे तेवत होते. मित्र म्हणाला, "अरे, कंपनीवाले बिचारे कमीच सांगतात!"

तिसऱ्या दिवशी धर्मशाळेत बॅटऱ्या काठोकाठ भरून आम्ही परत निघालो. मोटर सगळ्यात वरच्या मात्रेवर, वेग पंचवीसचा, पाय नावापुरते फिरणारे. पौषाकडे झुकलेले दिवस, उत्तरेकडून वारा समोर. घाटाच्या पायथ्याशी दोन दिवे राहिले, तरी आम्हाला काही वाटले नाही. जाताना दोन दिव्यांवरच तर आपण पुढचा सगळा पल्ला मारला होता! घाटाच्या तिसऱ्या वळणावर एक दिवा राहिला, पाचव्यावर तोही लुकलुकला आणि मोटर गप्प झाली. विजेची सायकल मोटरविना म्हणजे काय, ते तेव्हा कळले. साधी सायकल पंधरा किलोची असते, ही चोवीस किलोची. मी उतरून ढकलू लागलो. मित्रही ढकलू लागला. पन्नास पावलांवर त्याने सायकल कठड्याला टेकवली आणि छातीवर हात ठेवून तो दगडावर बसला.

त्या अर्ध्या तासाविषयी मी लिहीत नाही. फोनला संदेश मिळेना. शेवटी कांद्याच्या गोण्या घेऊन वर जाणाऱ्या एका पिकअपवाल्याने आम्हाला सायकलींसकट महूपर्यंत आणून सोडले, पैसे घेतले नाहीत. मित्राला काही झाले नव्हते, नुसती धाप होती, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. परंतु दोन्ही घरांतून जो हुकूम निघाला तो निघालाच: पुन्हा महेश्वर नाही.

मी स्वभावाने हट्टी. शिवाय अपराध माझा होता. गणित मी शाळेत एकतीस वर्षे शिकविले. तेव्हा भाच्याला फोन करून बसलो. त्याने एकच प्रश्न विचारला: "मामा, बॅटरी किती वॅट-तासांची आहे?" मला ठाऊक नव्हते. बॅटरीवर ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास असे लिहिलेले होते. दोन्हींचा गुणाकार ३६० वॅट-तास. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. तेव्हा एवढी मोठी बॅटरी भरते ती सुमारे चाळीस शतांश युनिटाने. बॅटरीचा खरा आकडा हा. ७० किलोमीटर ही बॅटरीतली वस्तूच नव्हे. बॅटरीत काम भरलेले असते, अंतर नव्हे. त्या कामातून किती अंतर निघेल ते रस्ता, वारा, वेग, ओझे आणि बसणारा माणूस मिळून ठरवितात. कागदावरचे सत्तर बहुधा सपाट रस्त्यावर, हलक्या अंगाच्या, स्वतः मनापासून पायडल मारणाऱ्या माणसाचे. ते खोटे नव्हे. ते आमचे नव्हते इतकेच.

आता चढाचा भाव पाहा. मी, सायकल आणि पडशी मिळून १०० किलो वजन. हे १०० मीटर उंच चढवायला किमान २७ वॅट-तास काम लागते, आणि मोटर चोख असली तरी बॅटरीतून घेतलेल्या विजेचा चौथा-पाचवा हिस्सा उष्णतेत घालविते, म्हणजे ३५ धरा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, महेश्वर सुमारे दीडशेवर. महूच्या पुढे रस्ता आणखी चढतो, तेव्हा निमाडच्या तळापासून जामच्या माथ्यापर्यंतची चढण मी ५०० मीटर धरली. तिचे झाले १७५ वॅट-तास. म्हणजे सपाटीवर एक पाऊल टाकण्याआधीच निम्मी बॅटरी घाटाच्या नावे बांधून ठेवली पाहिजे. आम्ही पायथ्याशी पोचलो तेव्हा ती निम्मी खाल्लेली होती.

हे सांगितल्यावर मित्राने खजिनदारी शंका काढली. "अरे, मग उतरताना तेवढंच परत जमा व्हायला नको का?" शंका रास्त आहे. काही गाड्यांत तशी सोय असते. उतारावर मोटरच उलटी वीज करू लागते. आमच्या सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात, आत दातेरी चक्रे असलेली. उतारावर ती सुटी पडते, चाक फिरते आणि मोटर निजलेली राहते. घाट उतरताना जमा होणारे सगळे काम ब्रेकच्या पट्ट्या तापविण्यात जाते. आणि सोय असती तरी ४०० मीटरच्या उताराचे सगळे मिळून १०९ वॅट-तास. त्यातला बराच हिस्सा वारा कापण्यात आणि वाटेतच गळणार. उतार फुकट असतो, पण तो उधार काही देत नाही.

मात्र मला खरे आश्चर्य वाटले ते वेगाच्या गणिताचे. सायकलवर ताठ बसलेल्या माणसाला ताशी २५ किलोमीटरने जाण्यासाठी, वारा पडलेला असताना, साधारण पावणेदोनशे वॅट लागतात. ताशी १८ ला लागतात पंच्याऐंशीच्या आसपास. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे मी पोरांना फळ्यावर लिहून देत असे, परंतु अंगावर घेतले नव्हते. त्यात समोरून ताशी दहाचा वारा असला, तर अठराने जाणाऱ्याला हवा अठ्ठावीसची लागते. आणि आता माणसाचे पाय धरा. माझ्या वयाचा माणूस धाप न लागता, बोलत बोलत, ५०-६० वॅट देऊ शकतो. पंचवीसच्या वेगात पावणेदोनशेतले साठ मी दिले तर उरलेले एकशे पंधरा मोटरने द्यायचे. अठराच्या वेगात पंच्याऐंशीतले साठ मी दिले तर मोटरने द्यायचे पंचवीस! वेग चतुर्थांशाहून थोडा अधिक उतरला आणि मोटरचा बोजा चौथ्या-पाचव्या हिश्शावर आला. किलोमीटरमागे खर्च म्हणाल तर पहिल्या रीतीत जवळजवळ सहा वॅट-तास, दुसरीत दोन, फार तर अडीच. एकाच बॅटरीतून एकाला साठ किलोमीटर मिळतात आणि दुसऱ्याला सव्वाशेहून जास्त, ते असे.

यातून आणखी एक गंमत निघाली. साठ वॅट पाच तास दिले की झाले ३०० वॅट-तास. मोटरची गळती वजा जाता ३६० च्या बॅटरीतून चाकाला पोचतात तेही इतकेच. म्हणजे बेतशीर पायडल मारणारा म्हातारा पाच तासांत एक पूर्ण बॅटरी स्वतःच्या पायांतून काढतो! आम्ही गेल्या वर्षी पाय नावापुरते फिरविले, ही दुसरी बॅटरी घरी ठेवून निघण्यासारखेच झाले. आणि या बॅटरीचे भरणे काय? ३६० वॅट-तास म्हणजे सुमारे ३१० किलोकॅलरी. आपली इंदुरी पोहे-जलेबीची एक भरलेली प्लेट त्याच्या वर जाते. शरीर मात्र मोटरहून उधळे; खाल्लेल्यातला फार तर पाव हिस्सा पायडलला पोचवते. तरीपण दोन प्लेट पोह्यांनी महूपर्यंतची सोय होते असे म्हणायला माझी हरकत नाही. घरची मंडळी हा हिशेब मान्य करीत नाहीत, हा भाग निराळा.

ही मदतीची सायकल काही फार जुनी वस्तू नव्हे, परंतु तिची स्वप्ने जुनी आहेत. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने बॅटरीवरची तीनचाकी रस्त्यावर चालवून दाखविली. १८९५ साली अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याने मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर बसविलेल्या सायकलचे पेटंट घेतले. आमच्या सायकलीची मोटर नेमकी तिथेच आहे. मग शंभर वर्षे ही कल्पना पडून का राहिली? शिशाच्या वजनापायी. आमच्या बॅटरीइतके काम शिशाच्या बॅटरीत भरायचे तर दहा-बारा किलोचा ठोकळा मागे बांधावा लागेल. माणसाच्या पायडलला जोखून तेवढीच मदत करणारी सायकल यामाहाने १९९३ साली जपानात विकायला काढली, तीही आरंभी शिशावरच. लिथियमची बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्यामागच्या शोधांबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली नोबेल मिळाले. आज तेच ३६० वॅट-तास अडीच-तीन किलोंत मावतात. त्या तिघांना महेश्वर ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु आमच्या मित्राच्या स्नानाचे थोडे पुण्य त्यांच्याही खात्यावर पडावे.

आता दिव्यांविषयी, कारण फसविले ते दिव्यांनी. हँडलवरचे दिवे बॅटरीतले काम मोजीत नाहीत. बहुतेक स्वस्त सायकलींत ते फक्त व्होल्टेज पाहतात. आमची बॅटरी काठोकाठ भरली की ४२ व्होल्ट दाखविते, तिशीच्या आसपास आली की आतली रक्षक चकती प्रवाह तोडते. परंतु चढावर मोटर जोराने वीज ओढू लागली की व्होल्टेज तात्पुरते खचते, आणि दोन दिव्यांचा एक होतो. थांबून चहा प्यालात की पुन्हा दोन. नवख्याला वाटते, विश्रांतीने बॅटरी भरली! ती भरत नाही. नुसता दम खाते. आणि शिल्लक थोडी असताना चढावर ते खचणे इतके होते की आत काम असूनही चकती प्रवाह तोडून मोकळी होते. म्हणून घाटात तीनचे दोन झाले तर घाबरू नये आणि चहानंतर दोनचे तीन झाले तर हुरळू नये. सपाटीवर, मोटर बंद ठेवून, पाच मिनिटांनी दिसेल तो दिवा खरा.

बॅटरीचे वयही धरावे लागते. पाचशेच्या आसपास पूर्ण भरण्या-रिकाम्या झाल्या की तिची ताकद पहिल्यासारखी राहत नाही. चारपंचमांश उरली तरी चांगले म्हणावयाचे. उन्हाने ती लवकर म्हातारी होते. खरगोनच्या बाजूला उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. तिथे सायकल उन्हात उभी करून, ती तापलेली असतानाच भरावयास लावणे म्हणजे तिचे आयुष्य हाताने कापणे. सावलीत ठेवावी, निवली की भरावी. पुष्कळ दिवस काढावयाची नसेल तर अर्धीअधिक भरून ठेवावी. काठोकाठही नको आणि रिकामी तर नकोच. थंडीत उलट पल्ला काहीसा आखडतो, पण आपल्या माळव्याच्या थंडीत तेवढे भिण्याचे कारण नाही. चाकातली हवा मात्र निघण्यापूर्वी पाहावी. बसके टायर वीज खातात आणि त्याची दाद दिव्यांपाशी लागत नाही.

एवढा सगळा हिशेब वहीत मांडून मी मित्राच्या घरी गेलो. वहिनींनी वही उघडलीसुद्धा नाही. "भाऊजी, तुमची वही बरोबर असेल. यांची छाती वहीत कुठं मांडलीय?" मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. मग मित्रच म्हणाला, "चढावर बॅटरी कमी आहे असं वाटलं, तर मी घाट चढणारच नाही. पायथ्याशी बसून मोटार मागवीन. शब्द देतो." वहिनींनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी मित्राला मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ बांधावयास लावले, एक आकडा दिला आणि त्याच्या वर नाडी गेली की उतरायचे, असे बजावले. असा तह होऊन यंदा आम्ही पुन्हा निघालो.

जातानाच्या वाटेबद्दल सांगण्यासारखे काही नाही. दोन दिवस महेश्वरी राहिलो. किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसलो, गेलेल्या दोघांची आठवण काढली. परतीला पहाटे निघालो. मोटर सगळ्यात खालच्या मात्रेवर, वेग सोळा ते अठरा, पाय बेताने चालू. मागून येणारी पोरे साध्या सायकलींवर आम्हाला ओलांडून गेली. मित्राला ते बोचले. "अरे, विजेची सायकल घेऊन हे लोक आपल्यापुढं जातात!" मी म्हणालो, "जाऊ दे. त्यांची बॅटरी वीस वर्षांची आहे."

घाटाच्या पायथ्याच्या ढाब्यावर पोचलो, तेव्हा दोघांचेही चार दिवे होते. भाच्याचा उपदेश असा की तरीही थांबायचे. ढाब्याच्या मालकाने दोन्ही बॅटऱ्या पंख्याच्या खटक्यापाशी लावू दिल्या. आमचे चार्जर ८४ वॅटचे. दोन तासांत दीडशे वॅट-तास परत भरतात. पोळी, शेवेची भाजी, थोडी डुलकी. बॅटऱ्या भरल्या तेव्हा वीजखर्च म्हणून मी पैसे पुढे केले, तर तो हसला. दोन्ही मिळून पाव-तीस शतांश युनिटाची ती वीज, तिचे पैसे घेतो कोण?

मग घाट. वेग दहाच्या आसपास ठेविला. त्याहून फार हळू गेले तर तुंब्यातली मोटर काम कमी करते आणि तापते जास्त, हे भाच्याने बजावले होते. दर दोन किलोमीटरवर उतरायचे, मोटरवर हात ठेवून पाहायचे, मित्राच्या मनगटावरचा आकडा पाहायचा. तिसऱ्या वळणावर चार दिवे. पाचव्यावर तीन. तो गेल्या वर्षीचा दगड आला, तेव्हा मित्र मुद्दाम थांबला, उतरला आणि त्याच दगडावर बसून पाणी प्याला. नाडी पाहिली, डॉक्टरांच्या आकड्याच्या बरीच खाली. काही बोलला नाही. माझ्या हातात बाटली दिली आणि पुन्हा सायकलवर बसला.

जामच्या दरवाजाखाली चहा घेताना दिवे दोनचे तीन झाले. मित्र त्यांच्याकडे संशयाने पाहत राहिला. "हे तीन खरे, की चहा प्यालेले?" मी म्हटले, "महूच्या सपाटीला विचारू." महूच्या अलीकडे मोटर बंद करून पाच मिनिटे नुसते पायडल मारले आणि पाहिले, तर दोन. घाटाने सुमारे दीडशे-पावणेदोनशे खाल्ले असणार. वहीतला आकडा बरोबर उतरला होता.

संध्याकाळी साडेसहाला राजवाड्यापाशी पोचलो, एक दिवा शिल्लक. मित्राने आधी घरी फोन लावला, मग माझ्या हातातून फोन घेऊन पुण्याला. भाच्याने पलीकडून काय विचारले ते मला ऐकू आले नाही. मित्र म्हणाला, "ते वॅट-तासांचं तुझे मामा सांगतील. मला एवढंच सांग, ही बॅटरी अजून किती दत्तजयंत्या काढील?"